जुन्या गाण्यांमधलं बंड

चर्चमध्ये गिटार हवी की पेटी, यावरून वाद घालताय? खुशाल घाला. पण आज ज्याला तुम्ही ‘जुनं’ म्हणताय, ते आणायला एकेकाळी कुणीतरी मिशनशी, बिशपांशी, घरच्यांशी भांडलेलं आहे. आता पाळी तुमची आहे, आणि प्रश्न गिटारीपेक्षा मोठे आहेत.

‘आमच्या वेळी असं नव्हतं.’

हे वाक्य ऐकलं नाही असा कॉलेजवाला महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये ते ऐकू येतं, गॅदरिंगच्या कमिटीत ऐकू येतं, घरात लग्नाचा विषय निघाला की हमखास येतं. आणि रविवारी सकाळी चर्चमध्येही येतं.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर पुढचं सगळं तुमच्या ओळखीचं आहे. तरुण संघाला नाताळच्या कार्यक्रमात ड्रम आणि प्रोजेक्टर हवा असतो. पंच कमिटीतल्या काकांना तो नको असतो. पाळकसाहेब मध्ये अडकतात. शेवटी एक गाणं गिटारवर, बाकी सगळी पेटीवर असा तह होतो. दोन्ही बाजू घरी जाऊन कुरकुरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी पुढे वाचा. तुमच्या वर्गात, होस्टेलवर, क्रिकेटच्या टीममध्ये कुणीतरी या वादातून जातंय. शिवाय कुठलीही जुनी संस्था म्हातारी कशी होते आणि पुन्हा तरणी कशी होते, याची ही गोष्ट आहे. ती तुमच्याही घराला, मंडळाला लागू पडेल.

आधी हा विषय एवढा गंभीर का, ते बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. 2021 मध्ये तो आकडा 46.2 टक्क्यांवर आला. ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे 37.2 टक्के झाले. दहा वर्षांत तेरा टक्क्यांचा फरक. या लोकांना कुणी हाकललं नव्हतं. फॉर्म भरताना त्यांनी वेगळ्या चौकटीत खूण केली, इतकंच.

आपल्याकडे चित्र तसं नाही. नाताळला चर्च भरून वाहतात. पण महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज मुळात लहान. 2011 च्या जनगणनेनुसार साधारण 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात पुरता एकसुद्धा नाही. एवढ्याशा समाजात एखादी मुलगी मनात प्रश्न घेऊन बसली, तिला उत्तर मिळालं नाही आणि एके रविवारी ती यायचीच बंद झाली, तर ती रिकामी जागा लांबूनही दिसते.

मग करायचं काय? आधी जरा मागे जाऊ. दोनशे वर्षं मागे.

गंजीखालची पाच पोरं

ऑगस्ट 1806. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज. पाच विद्यार्थी कॉलेजजवळ झाडाखाली प्रार्थनेला जमले होते. आभाळ भरून आलं, विजा कडकडायला लागल्या, तशी पाचही जणांनी शेतातल्या एका गवताच्या गंजीचा आडोसा गाठला. तिथं त्यांची चर्चा रंगली ती आशियाबद्दल. आपल्या चर्चनं आपल्या गावापलीकडे बघायचंच नाही का? त्यांच्यातला सॅम्युअल मिल्स तेव्हा 23 वर्षांचा होता.

परदेशात काम करणारी एकही मिशन संस्था तोवर अमेरिकेत नव्हती. 1810 मध्ये मिल्स आणि त्याच्या दोस्तांनी चर्चच्या ज्येष्ठांपुढे अर्ज ठेवला, आम्हाला पाठवा म्हणून. अर्जावर आधी सहा नावं होती. एवढी पोरं एकदम बघून ज्येष्ठ बिचकतील, म्हणून त्यातली दोन खोडली! ज्येष्ठांनी हो म्हटलं आणि ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झालं.

आता या गोष्टीचा आपल्याशी संबंध. फेब्रुवारी 1813 मध्ये याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. हॉल विल्यम्स कॉलेजचाच विद्यार्थी. ईस्ट इंडिया कंपनीला हे लोक नको होते, कलकत्त्यातून तर त्यांना निघून जायचा हुकूम झालेला होता. तरी ते मुंबईत चिवटपणे टिकून राहिले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. 1831 मध्ये ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोचलं. शाळा निघाल्या, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं.

पावसात भिजलेल्या कॉलेजच्या पोरांची आयडिया कुठल्या कुठे गेली बघा.

टिळकांनी नोकरी सोडली

पण शंभर वर्षांत त्या आयडियाचं ऑफिस झालं. पगार आले, पदं आली, नियम आले, अहवाल आले. गोरे मिशनरी वरच्या खुर्चीत आणि देशी कार्यकर्ते त्यांच्या हाताखाली, अशी घडी बसली.

या घडीत एक कवी होता. नारायण वामन टिळक. शाळेत तुम्ही त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटला असाल. कोकणातल्या चित्पावन घरात जन्मलेले टिळक 1895 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम करू लागले. त्यांना एक गोष्ट खटकायची. मराठी माणूस देवापुढे उभा राहतो, तर त्यानं इंग्रजी गाण्याचं भाषांतर विलायती चालीवर का म्हणायचं? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजनं लिहिली. अशी शेकडो गाणी रचली.

गाणी बदलून त्यांचं समाधान झालं नाही. 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांसाठी तो खुला होता. बाप्तिस्मा घेतलेले या, न घेतलेलेही या. त्या काळात ही केवढी उडी होती! दोनच वर्षांत, मे 1919 मध्ये, टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. गाणी मात्र टिकली.

आज मराठी उपासनेत हीच गाणी ‘जुनी गाणी’ म्हणून ओळखली जातात. तुमच्या आजीला ती तोंडपाठ असतात. तुम्हाला ती संथ वाटतात. पंच कमिटीतले काका ज्यांच्यासाठी भांडतात ना, त्यात हीसुद्धा असतात. एका बंडखोरानं विलायती चालींना वैतागून आणलेलं नवं संगीत आज नव्याला अडवायला वापरलं जातंय. यात काकांचा दोष नाही. नव्याचं जुनं असंच होतं, कुणाच्या लक्षातही न येता.

येशूनं द्राक्षारसाचा एक दाखला सांगितलाय. ताजा द्राक्षारस फसफसतो. कातडी बुधला नवा असेल तर तो ताणला जातो. जुना, कडक झालेला बुधला मात्र फाटतो. हा दाखला तरुणांना भारी आवडतो. पण प्रत्येक जुना बुधला कधीतरी नवा आणि मऊ होता, हे आपण विसरतो. आपला आजचा मऊ बुधलाही कडक होणार आहे.

सत्त्याहत्तरीच्या उंबरठ्यावर उघडलेली खिडकी

हे सगळं तरुणच करतात असं वाटत असेल तर थांबा. आता वसईकडे जाऊ.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, मराठीत, ओवीबद्ध. ते छापलं गेलं 1616 मध्ये. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूला कळलं होतं की इथल्या माणसांशी इथल्या भाषेत, इथल्या छंदात बोलायला हवं. पण 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनं उलटा फतवा काढला: लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. एका पिढीनं उघडलेलं दार दुसरी पिढी बंद करू शकते, ते असं. आणि कॅथलिक चर्चमधली मिस्सा तर लॅटिनमध्येच चालायची.

ऑक्टोबर 1958 मध्ये तेविसावे जॉन पोप झाले. सत्त्याहत्तरीला जेमतेम महिना बाकी होता. तात्पुरता माणूस, चार दिवस गादी सांभाळेल, असा अनेकांचा अंदाज होता. या ‘तात्पुरत्या’ आजोबांनी तीन महिन्यांच्या आत जगभरच्या बिशपांची महासभा बोलावण्याची घोषणा केली. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेली हीच ती दुसरी व्हॅटिकन परिषद. डिसेंबर 1963 मध्ये तिनं लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. पोप जॉन त्याआधीच, जूनमध्ये वारले होते. पेरलेलं उगवलेलं त्यांना दिसलं नाही.

त्या निर्णयानं वसईतली मिस्सा मराठीत आली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वळणावर घडलेल्या पिढीतले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, वसईचं हिरवेपण वाचवायला रस्त्यावर उतरले आणि 2020 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका म्हाताऱ्या पोपनं खिडकी उघडली आणि वसईतल्या एका फादरांना मराठीत श्वास घेता आला, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणजे नूतनीकरण वयावर ठरत नाही. गंजीखालची पोरं विशीतली होती, टिळक पंचावन्नचे, पोप सत्त्याहत्तरचे.

मूलगामी म्हणजे मुळाशी

‘रॅडिकल’ हा शब्द हल्ली भीती दाखवायला वापरतात. पण तो आलाय ‘मूळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आपला ‘मूलगामी’ही तेच सांगतो: मुळापर्यंत जाणारा. रंग बदलणं मूलगामी नाही. प्रोजेक्टर आणणं मूलगामी नाही. हे सगळं आपण कशासाठी करतोय, हे विचारणं मूलगामी आहे.

पंडिता रमाबाईंनी हेच केलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी चर्चच्या शिकवणुकीपुढे मान तुकवावी. रमाबाई मान तुकवणाऱ्या नव्हत्या. एवढे पंथ का? यातल्या कुणाचं ऐकायचं? माझ्या विवेकबुद्धीचं काय? त्यांची पत्रं असल्या प्रश्नांनी भरलेली आहेत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर त्यालाही बिशपांनी हरकत घेतली.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल थेट मूळ भाषांतून साध्या मराठीत आणलं. ते छापण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. समाजानं टाकलेल्या बायकांनी! 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. चर्च सोडून न जाता चर्चला प्रश्न विचारत राहणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर रमाबाईंची पत्रं वाचा.

तुमच्या पिढीचे प्रश्न

मग आज मूळ कुठे आहे? गिटारीत नक्कीच नाही. मला तीन ठिकाणी दिसतं.

जात. देवापुढे सगळे समान, हे वाक्य प्रत्येक चर्चमध्ये ऐकू येतं. पण तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींची दफनभूमी वेगळी आणि मध्ये भिंत, अशी परिस्थिती राहिलेली आहे. मेल्यावरसुद्धा भिंत! भारतातल्या कॅथलिक चर्चला पहिला दलित कार्डिनल मिळाला तो 2022 मध्ये, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. महाराष्ट्रात मिशनच्या मंडळ्यांमध्ये मोठा वाटा ज्यांचा, ते गावकुसाबाहेरून आलेले होते. माणूस म्हणून उभं राहता यावं म्हणून ते आले. आपल्या मंडळीत लग्न ठरवताना अजून काय विचारलं जातं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

बाया. रविवारी कुठल्याही चर्चमध्ये मोजून बघा, बायका जास्त दिसतील. कमिटीच्या टेबलाभोवती मोजा, उत्तर उलटं येईल. बदल होतोय, नाही असं नाही. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्ये पुष्पा ललिता पहिल्या महिला बिशप झाल्या. व्हॅटिकनच्या सिनॉडमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये पहिल्यांदाच बायकांनी मतदान केलं, पन्नासहून जास्त जणींनी. त्याच सिनॉडमध्ये मताचा हक्क असलेला 19 वर्षांचा एक अमेरिकन कॉलेज विद्यार्थीही होता. त्याआधी 2018 चा सिनॉड खास तरुणांवर होता, पण तरुणांना तिथं बोलता यायचं, मत देता यायचं नाही. बोलू देणं आणि ठरवू देणं यातला फरक तुम्हाला कॉलेज इलेक्शनमुळे वेगळा सांगायला नको.

जाब. ‘स्पॉटलाइट’ सिनेमा पाहिला असेल, ऑस्कर मिळालेला. बोस्टनमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार वर्षानुवर्षं झाकले गेले. 2002 मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ या वर्तमानपत्रानं ते उघड केलं आणि त्या वर्षअखेरीला तिथल्या कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. संस्थेचं नाव जपण्यासाठी लेकरांना गप्प बसवणं, यापेक्षा मुळापासून दूर जाणं ते कुठलं? पैशांचा हिशेब असो की कुणाची तक्रार, प्रश्न विचारणारा चर्चचा शत्रू नसतो.

काकांशी बोला

एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही. ‘म्हाताऱ्यांना काही कळत नाही’ म्हणून वेगळा ग्रुप काढणं सोपं आहे. पण टिळकांची एक गोष्ट अजून बाकी आहे. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि ते अर्धवट ठेवून गेले. ते पूर्णत्वाला नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचं शिक्षण मिळालं नव्हतं, नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ज्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं आणि ज्यांनी स्वतः पाच वर्षांनी, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला, त्या लक्ष्मीबाई. उरलेले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. एकानं सुरू केलेलं दुसऱ्यानं पुढे नेलं, म्हणून ते आपल्या हातात आलं.

आणि एकत्र येणं जमू शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळी चर्च एक झाली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आलं. त्यासाठी अनेक दशकं वाटाघाटी चालल्या होत्या. सुरुवात करणारे वेगळे, शेवट पाहणारे वेगळे.

तर आता करायचं काय? फार मोठं काही नको. उपासनेत नेहमी म्हटलं जाणारं एक जुनं गाणं घ्या. ते कुणी, कधी, कुणाशी भांडून लिहिलं ते शोधा आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना दोन मिनिटांत सांगा. काकांना विचारा, ‘तुम्ही तरुण संघात होता तेव्हा तुम्हाला काय बदलायचं होतं?’ उत्तर ऐकायला वेळ ठेवा, लांबेल ते. कमिटीत तरुणांना नुसतं खुर्च्या लावायचं काम नको, मत असलेली जागा हवी, हे लेखी मागा. त्यात निम्म्या मुली असाव्यात हेही मागा. वार्षिक सभेला जा, कंटाळा आला तरी बसा आणि हिशेबाचा एक प्रश्न विचारा. नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत.

आणि जमलं तर एक काम आजच करून ठेवा. तुम्हाला आज चर्चमध्ये काय बदलायचंय आणि का, ते एका कागदावर लिहा, खाली तारीख टाका, बायबलमध्ये ठेवून द्या. पंचवीस वर्षांनी तुम्ही पंच कमिटीत असाल. समोर एक एकोणीस वर्षांची मुलगी उभी असेल, काहीतरी भलतंच मागत असेल आणि तुमच्या ओठांवर ते वाक्य आलेलं असेल.

ते म्हणायच्या आधी तो कागद काढून वाचा.